डोंगरावर जंगल परत आणायचंय? मग जूनची वाट बघू नका, जानेवारीत सुरुवात करा

पहिला पाऊस पडला की मुंबईतले सगळे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. या रविवारी झाडं लावायला जाऊया, कर्जतला जाऊया, बदलापूरला जाऊया, मग टीशर्ट छापून येतात, बस ठरते, नाश्त्याचं ठरतं. जाऊया ना, जायलाच हवं. पण मी गेली सात वर्षं कर्जतच्या पुढे एका डोंगरउतारावर हेच काम करतेय आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय ती आधीच सांगते, रोप मातीत ठेवणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे, त्याच्या आधीचं वर्ष आणि नंतरची चार-पाच वर्षं हे खरं काम. ज्यांना एकर, दोन एकर, पाच एकर अशा जागेवर सह्याद्रीचं जंगल परत उभं करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. सोसायटीच्या गेटपाशी दोन झाडं लावायची असतील तर एवढं सगळं लागत नाही.

आधी हे होतं का, यावर. होतं. ब्राझीलमधल्या रिओ शहराच्या वर तिजुकाचे डोंगर आहेत, तिथलं वर्षावन तोडून कॉफीचे मळे केले होते, मग झरे आटायला लागले आणि शहराला पाणी पुरेना. १८६१ मध्ये तिथल्या सम्राटाने, दुसऱ्या पेद्रोने, ते डोंगर परत झाडाखाली आणायचं ठरवलं आणि मनुएल गोम्स आर्चर नावाच्या माणसावर काम सोपवलं, पुढच्या तेरा-एक वर्षांत लाखाच्या आसपास झाडं लागली. खड्डे खणणारे आणि रोपं वाहणारे हात गुलाम माणसांचे होते, ते वगळून ही गोष्ट सांगूच नये. आज तिथे शहराच्या मधोमध नॅशनल पार्क आहे. आपल्याकडे त्याच सुमाराला, १८६० मध्ये, मुंबईच्या पाण्यासाठी विहार तलाव बांधून झाला, मग तुळशी, आणि त्या तलावांसाठी आजूबाजूचं रान राखलं गेलं, त्यातूनच आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क राहिलं. म्हणजे त्यांनी तोडून परत लावलं आणि आपण राखलं. राखणं कधीही स्वस्त, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली पायरी जागा. नॅशनल पार्क किंवा वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय काहीही लावायचं नाही, तिथे बियांचे गोळे फेकायचे नाहीत, चांगल्या मनाने सुद्धा नाही. खाजगी जागा असेल तर सातबारा बघा, गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, सामूहिक वनहक्काची जमीन असेल तर ग्रामसभेत जाऊन बसा आणि त्यांना काय हवंय ते आधी ऐका. आणि एक गोष्ट मी जिथे जाते तिथे सांगते, मोकळी दिसते ती प्रत्येक जागा उजाड नसते. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, कासचं पठार, डोंगरमाथ्यावरची गवताळ जागा, ही मुळातच बिनझाडांची आहेत, त्यांची स्वतःची फुलं आहेत, किडे आहेत, पक्षी आहेत. तिथे खड्डे खणणं म्हणजे नासधूस. जंगल तिथेच लावायचं जिथे जंगल होतं आणि तुटलं.

हे ओळखायचं कसं? जानेवारी-फेब्रुवारीत जा, गवत वाळलेलं असतं तेव्हा, आणि कुदळ घरी ठेवून नुसतं फिरा. बरोबर पाड्यावरचं कोणीतरी वयस्कर माणूस हवंच. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला तो उतार रिकामा दिसला होता, आमच्याबरोबर ठाकरवाडीतली एक मावशी होती, तिने गवत बाजूला करून पायानेच दाखवलं, "हा बघ ऐन, हा किंजळ, हा पलस, सगळा जिता हाय, फकस्त दरवर्षी तोडतात न् जलतो." जमिनीखाली जुनी मुळं जिवंत होती आणि दरवर्षी त्यांना धुमारे फुटत होते. आम्ही एका एकरात मोजायला बसलो तर चारशेच्या वर असे धुमारे निघाले, आणि आम्ही तिथे हजार खड्डे खणणार होतो! अशा प्रत्येक धुमाऱ्याशेजारी बांबूची काठी रोवा, रंगीत चिंधी बांधा, चार-पाच फुटवे असतील तर त्यातला एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटा आणि भोवतालचं गवत काढा. पन्नास वर्षांचं मूळ असतं त्याला, तुमचं पिशवीतलं रोप त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही.

हिशोब असा धरा. दोन-दोन मीटरवर झाड धरलं तर एकरात साधारण हजार बसतात. त्यातून आपोआप आलेली वजा करा, उरतील तेवढीच लावा. काही ठिकाणी वजाबाकी शून्यावर येईल, तिथे काहीच लावू नका, फक्त गुरं आणि वणवा बाहेर ठेवा. मला माहितीय की "आम्ही काहीच लावलं नाही" याचा फोटो निघत नाही आणि कंपनीच्या सीएसआरवाल्यांना, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्यांना, ते समजावणं फार अवघड जातं, तरी समजवायचं.

मियावाकीबद्दल सगळे विचारतात म्हणून दोन ओळी. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची ही पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं, जमीन खोल उकरून खत घालून. मुंबईत २०२० पासून पालिकेने अशी बरीच वनं केलीत, शहरातल्या छोट्या तुकड्यासाठी ठीक आहे. डोंगरउतारावर मात्र मशीनने जमीन उकरली तर पहिल्याच जुलैत सगळी माती खाली ओढ्यात जाते, तिथे करू नका.

आता कुठली झाडं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात कारण नर्सरीत जे मिळतं ते आपण उचलतो. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, ही पटकन हिरवी दिसतात म्हणून आपल्याकडे डोंगरच्या डोंगर त्यांनी भरले, पण ती बाहेरची आहेत, त्यांच्याखाली आपलं जंगल सहजी येत नाही. गुलमोहर मादागास्करचा, तो रस्त्याला राहू दे. देशी म्हणजे भारतात कुठेतरी उगवणारं, असंही नाही, त्या डोंगराचं हवं. फणसाचंच बघा, आपल्या पश्चिम घाटातलं झाड, आपल्या जिवाचं, पण तेच तिजुकाच्या जंगलात नेलं तर तिथे इतकं माजलं की आता तिथल्या लोकांना ते काढायला लागतंय. झाड वाईट नसतं, जागा चुकते.

यादी करायची तर जवळच्या देवराईत जा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तो याचसाठी मोलाचा आहे, आजूबाजूचं सगळं तुटलं तरी तिथे मूळचं जंगल कसं होतं ते उभं असतं. गुरवाला किंवा गावकऱ्यांना विचारून आत जा, चपला बाहेर काढा, आणि काय काय आहे ते लिहून घ्या, ओढ्याकाठी काय, दगडात काय, सावलीत काय. तिथून एक बी सुद्धा न विचारता उचलायचं नाही.

थायलंडमध्ये चियांग माई युनिव्हर्सिटीचे लोक १९९४ पासून या विषयावर काम करतायत, त्यांची पद्धत मूळची ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. वीस-तीस जातींची रोपं मिसळून लावायची, अशी निवडायची की ती उन्हात तगतील, लवकर दाट सावली धरून गवत मारतील आणि पाखरांना बोलावतील, मग उरलेल्या शेकडो जाती पाखरं आणून टाकतात. आपल्या मुंबई-रायगडच्या बाजूला हे असं जमतं, भराभर वाढणारे म्हणून पांगारा, काटेसावर, शिवण, चांदाडा, पाखरांसाठी उंबर, पायर, जांभूळ, आसाणा, खाली करवंद, मुरुडशेंग, आणि सावकाश वाढणारे पण दोनशे वर्षं उभे राहणारे ऐन, किंजळ, हेदू, बिवळा, बेहडा, मोह. ओढ्याच्या कडेला करंज, ताम्हण. अंजनी, पिसा ही माथेरानला दिसतात तशी गर्द सदाहरित मंडळी पहिल्या वर्षी उन्हात लावू नका, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी सावली झाल्यावर. आणि कारवी असेल तिथे तिला उपटून झाड लावायचं नाही, आठ वर्षांनी एकदा फुलते ती, २०१६ ला फुलली होती तेव्हा आम्ही येऊरला बघायला गेलो होतो, अख्खा उतार जांभळा. माती धरून ठेवायचं काम तिच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करत नाही.

बिया. हे काम मुंबईत बसून होतं, आणि गुडघे दुखतात म्हणून डोंगरावर न येणारे आमच्या ग्रुपमधले आजी-आजोबा हेच करतात. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत एकेक बी येत जातं. ऐन-किंजळची पंखवाली फळं उन्हाळा लागताना, काटेसावरीचा कापूस मार्च-एप्रिलात, पांगारा-पळसाच्या शेंगा मे महिन्यात, जांभूळ-मोह पावसाच्या तोंडावर. एकाच झाडाखालून पोतं भरू नका, दहा-बारा वेगवेगळ्या झाडांखालून मूठमूठ घ्या, निम्म्याहून जास्त तिथेच सोडा, ते खारींचं, माकडांचं, रानाचं आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, काही बिया थांबतात आणि काही थांबत नाहीत. जांभूळ, आंबा, फणस, मोह, कोकम यांची बी वाळली की मेली, खाल्ल्यावर गर धुवून त्याच आठवड्यात पेरायची. बहावा आणि रिठ्याचं उलट, कवच इतकं टणक की पाणी आत जात नाही, त्यांना फाईलने किंवा खडबडीत दगडावर थोडं घासा, नाहीतर उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतून रात्रभर ठेवा. बेहड्याच्या कोयी शेणकाल्यात भिजवायच्या. ऐन-किंजळमध्ये पोचट फार निघतात, शंभर पेरले तर वीस-पंचवीस आले तरी आम्ही खूश असतो, म्हणून जास्त पेरा. वड आणि पांगारा मनगटाएवढ्या जाड फांदीनेही लागतात, पावसाच्या सुरुवातीला, सरळ जमिनीत.

पिशव्यांसाठी लिटरच्या दुधाच्या पिशव्या उत्तम. वरून कापा, धुवा, खाली चार-पाच भोकं पाडा, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. गॅलरीत चाळीस-पन्नास बसतात, सोसायटीने गच्ची दिली तर हजारसुद्धा, फक्त गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून भांडण नको म्हणून खाली विटा आणि जाड प्लास्टिक टाका. आता मुळांचं. एक रोप वर्षाहून जास्त त्याच पिशवीत राहिलं तर मुळं तळाशी गोल गोल फिरतात, असं रोप लावल्यावर दोन वर्षं बरं दिसतं आणि मग वाऱ्यात आडवं होतं, म्हणून दर दोन महिन्यांनी पिशवी उचलून बघा, बाहेर आलेली मुळं कापा, गरज पडली तर मोठ्या पिशवीत हलवा. यंदाच्या जूनमध्ये पेरलेलं पुढच्या जूनला जायला तयार, गुडघ्याच्या वर आलेलं हवं. शेवटचे दोन महिने सावलीची नेट काढा आणि पाणी हळूहळू कमी करत न्या, गॅलरीत लाडात वाढलेलं रोप डोंगरावर एका दिवसात मान टाकतं.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब, रुंद, खोल, वरची काळसर माती एका बाजूला आणि खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. सरळ ओळीत नको, उताराला आडवे आणि एकाआड एक. रानमोडी आणि घाणेरी माजली असेल तर आधी मुळासकट काढा, नुसतं कापून काही होत नाही. जाळायचं मात्र काहीही नाही.

लावणीला घाई करू नका. ७ जूनला पाऊस आला म्हणून ८ जूनला पळू नका, मध्ये दहा दिवस गायब होतो तो. हात कोपरापर्यंत घातला तरी माती ओली लागली की मग, म्हणजे साधारण जूनचा शेवट ते जुलैचा मध्य. जुलैनंतर लावलेल्या रोपाला मुळं धरायला वेळच मिळत नाही. उतारावर एक नवखा माणूस दिवसात पंधरा-वीस रोपं नीट लावतो, त्यावरून किती लोक न्यायचे ते ठरवा, दोनशे माणसं नेली तर तीच धुमारे तुडवतात. पिशवी कापून पूर्ण काढायची आणि परत आणायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, काळी माती खाली, पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावायचं आणि पायाने हलकं दाबायचं. आणि कोकणच्या पावसात रोपाभोवती आळं करायचं नाही! पुस्तकात आळं लिहिलेलं असतं, ते कमी पावसाच्या देशावरचं, आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आळ्यात पाणी साचून खोड कुजतं. आमची पहिल्या वर्षी ओढ्याकडची अख्खी रांग अशी गेली. पावसात बुंध्याशी मातीचा उंचवटा, खालच्या बाजूला दगडांची अर्धगोल रांग, आणि आळं ऑक्टोबरमध्ये.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय तो भाग. ऑगस्टपर्यंत गवत कमरेएवढं होतं आणि तुमचं रोप आत दिसेनासं होतं, म्हणून लावताना प्रत्येकाला काठी आणि नंबर हवा. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोन वेळा रोपाभोवती हातभर गोलातलं गवत बेणायचं, सगळा डोंगर साफ करायचा नाही, बाकीचं गवत माती धरतं. ऑक्टोबरमध्ये तेच कापलेलं गवत आणि पाला बुंध्याभोवती जाड थरात पसरायचा, खोडाला चिकटवून नाही, चार बोटं सोडून. मग नोव्हेंबर ते मे पाणी, पहिली दोन वर्षं. दहा-बारा दिवसांनी प्रत्येकी पाच लिटर धरलं तर हजार रोपांना एका फेरीला पाच हजार लिटर लागतात, हे पाणी कुठून येणार, वर कसं चढणार आणि कोण घालणार, याचं उत्तर नसेल तर हजार लावू नका, दोनशे लावा. खरंच दोनशे लावा. आम्ही पैशाची वाटणी अशी करतो की रुपयातले सत्तर पैसे लावणीनंतरच्या कामाला, आणि त्यातला मोठा भाग पाड्यावरच्या लोकांच्या मजुरीला, बारा महिने, वेळच्या वेळी. मुंबईहून रविवारी येऊन जंगल राखता येत नाही.

गुरांचं बोलणं पहिल्याच बैठकीत करा. आम्हाला एका दादांनी सरळ विचारलं होतं, "तुम्ही झाडं लावताव, चांगलं हाय, पर आमची गुरं जायची कुठं ते पन सांगा." बरोबर होतं त्यांचं. मग ठरलं की अर्धा उतार चराईला मोकळा, अर्धा बंद, आणि बंद भागातलं गवत त्यांनी कापून न्यायचं, फुकट. यातून गुरांना चारा मिळाला आणि आमचं वणव्याचं खाद्यही कमी झालं. तारेच्या कुंपणापेक्षा हे जास्त टिकलंय.

वणवा. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये दुपारी फोन आला, आम्ही ऑफिस सोडून ट्रेन पकडून पोचेपर्यंत अंधार झाला होता आणि धूर फक्त उरला होता. पाड्यावरच्या बायकांनी निरगुडीच्या फांद्यांनी झोडपून निम्मा भाग वाचवला होता, एकीचे पाय भाजले होते. मी त्या रात्री तिथे बसून रडले, रोपांसाठी आणि त्या पायांसाठी. चूक आमची होती, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढायला आम्ही जानेवारीचा शेवट केला आणि अर्धीच झाली. तेव्हापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू, सगळ्या हद्दीला दहा फूट रुंद पट्टा, गवत कापून उचलून पार जमिनीपर्यंत मोकळा, आणि वाळलेला पाला पडत राहतो म्हणून फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये परत झाडायचा. फेब्रुवारी ते मे एक राखणदार पगारी, शिट्टी आणि फोनसकट, आणि पाण्याने भरलेले पिंप वर ठेवलेले. आग झोडपायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायात बूट हवेतच, ते आपण घेऊन द्यायचे.

मोजणी वर्षातून दोनदा, ऑक्टोबरमध्ये आणि मेअखेर. लावलेली नाही, जगलेली मोजा, जातीवार, आणि मेलेल्याचं कारण लिहा, वाळवी, पाणी, गुरं, आग. दोन वर्षांत त्या एक्सेलमधून तुमचा डोंगर तुम्हाला कळायला लागतो. आमच्याकडे शिवण आणि पांगारा जवळपास सगळे जगले, हेदूने खूप त्रास दिला, तुमच्याकडे उलटं असू शकेल.

चौथ्या वर्षापासून बदल दिसतो. झाडांच्या फांद्या एकमेकींना लागतात, खालचं गवत विरळ होतं, बुलबुल, तांबट, हरियाल बसायला लागतात आणि न लावलेली रोपं उगवतात. पण मोठ्या बियांचं तसं होत नाही, त्यांना मोठं जनावर किंवा मोठा पक्षी लागतो, धनेश, उदमांजर, वटवाघूळ. तिजुकातही हेच झालं, झाडं उभी राहिली पण बिया पुरणारे प्राणी उरले नव्हते, म्हणून २०१० च्या सुमारास तिथे अगूती नावाचा सशाएवढा प्राणी परत सोडायला लागला आणि नंतर माकडंसुद्धा. दक्षिणेत तमिळनाडूतल्या वालपराईला चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेले वर्षावनाचे तुकडे नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनचे लोक वीसेक वर्षं दुरुस्त करतायत, त्यांचंही लक्ष यावरच असतं की तो तुकडा दुसऱ्या जंगलाला जोडलेला राहावा. तुमच्या जागेपासून जवळचं धड जंगल किती लांब आहे ते बघा, मध्ये मोकळं रान असेल तर शेतांच्या बांधावर, शेतकऱ्याला विचारून, पन्नास-पन्नास पावलांवर एक उंबर किंवा जांभूळ लावत जा, पक्षी तसे टप्प्याटप्प्याने येतात. आणि जे येत नाही ते, म्हणजे अंजनी, पिसा, या सावलीत आता हाताने लावा.

पाचव्या वर्षी बेणणी बंद, नंबरच्या काठ्या काढून घ्या. जाळरेषा मात्र सुरूच, आमची यंदाची सातवी आहे, ५ डिसेंबरपासून, कोयते तिथेच मिळतात, मुंबईहून येणाऱ्यांनी बूट आपापले आणायचे.